शब्दाखाली सूर किती हवा? (अभिवाचन, नाट्य आणि संगीत यांच्या एकत्र प्रयोगांविषयी)

ओवीकार

साहित्य, अभिनय आणि संगीत एकत्र आणणारे प्रयोग आता फक्त पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाहीत. कुणी कवितांचा कार्यक्रम करतं, कुणी कादंबरीतले उतारे निवडून दीड तासाचं अभिवाचन बसवतं. सोबत पेटी-तबला नाहीतर बासरी, थोडी प्रकाशयोजना. लोक तिकीट काढून येतात. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण कपाटात पडून राहिलेली पुस्तकं त्यामुळे पुन्हा मोठ्यानं वाचली जातात.

पण एक गोष्ट सारखी खटकते, म्हणून हा धागा. बहुतेक प्रयोगांत पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत शब्दांखाली काहीतरी वाजत असतं. दुःख आलं की बासरी, आनंद आला की संतूर, ताण आला की कीबोर्डवर एकच स्वर लांबवलेला. मध्यंतरी 'स्मृतिचित्रे'तल्या उताऱ्यांचं वाचन ऐकलं. वाचणारी मुलगी फार चांगली होती. लक्ष्मीबाई टिळकांची वाक्यं छोटी. मोठ्यातला मोठा आघातही त्या साध्या शब्दांत सांगतात आणि लगेच पुढच्या कामाला लागतात. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्या दिवसांचं वर्णन आठवा. तिथे वाक्य संपल्यावर क्षणभर काहीच नको असतं. ऐकणाऱ्याला तेवढ्यात सगळं पोचतं. या प्रयोगात नेमक्या त्याच जागी बासरीचा करुण आलाप सुरू झाला. लक्ष्मीबाईंनी जे रडणं आवरलं होतं, ते बासरीनं त्यांच्या वतीनं रडून टाकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सुराला स्वतःचं काम हवं. शब्दाला जे जमत नाही ते सुरानं करावं. शब्द जे सांगतोच आहे त्याचीच री ओढू नये. संगीत खरोखर कामाला आलं असे प्रयोग तुम्ही पाहिले किंवा केले असतील, तर सविस्तर लिहा.

बुक्का

चांगला विषय काढलात. मी नारदीय कीर्तनाच्या घरात वाढले, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. कीर्तनकार एकटा उभा राहून गोष्ट सांगतो, सगळी पात्रं करतो आणि गातोही. साहित्य, नाट्य, संगीत तिन्ही तिथे आहे आणि तिघांच्या जागा ठरलेल्या आहेत.

पूर्वरंगात नमन, मग निरूपणाचा अभंग आणि त्याचं विवरण. मध्ये भजन, बुक्का लावणं, हार घालणं. उत्तररंगात आख्यान. आख्यान लागलं की बघा काय होतं. गोष्ट गद्यात पुढे सरकते. नगरीचं किंवा सैन्याचं धावतं वर्णन आलं की बुवा कटाव घेतात, एका दमात, शब्दांवर शब्द आदळत. एखादी गोष्ट ठसवायची असली की मोरोपंतांची आर्या. पात्राच्या मनातलं बोलायचं असलं की साकी, दिंडी अशी गायची वृत्तं किंवा पद. म्हणजे शब्दाचं वजन बदललं की मगच चाल बदलते.

आणि गद्य चालू असताना? तबलजी हात मांडीवर घेऊन बसलेला असतो. पेटीवाला फार तर षड्ज, म्हणजे सा, धरतो, पुष्कळदा तोही नाही. दोघांची नजर बुवांच्या हातातल्या झांजांवर. बुवा वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर नेऊन सोडतात आणि झांज उचलतात. तो इशारा. पुढच्या मात्रेला पेटी आणि तबला एकदम येतात आणि सगळं देऊळ सावरून बसतं. आधी शांतता होती म्हणूनच त्या सम गाठण्याला जोर येतो. पहिल्यापासून वाजत राहिलं असतं तर कुणाला काही जाणवलंच नसतं.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त (१८८२) साक्या, दिंड्या, कटाव सर्रास भेटतात. संगीत नाटकाचं अर्धं घर कीर्तनातूनच आलेलं आहे.

टेकडीवरचा

ओवीकार, तुमच्या मुद्द्यातलं तथ्य मान्य करून विरोध नोंदवतो. मी महाविद्यालयात शिकवतो आणि मुलांना घेऊन असे कार्यक्रम बसवतो. नुसतं वाचन ठेवलं तर पहिल्या दोन रांगा भरतात, त्याही प्राध्यापकांनी. गिटार आहे म्हटलं की सभागृह भरतं. आजच्या मुलांचे कान सतत आवाजात असतात. शांततेत ती अस्वस्थ होतात, मोबाइल काढतात. खाली काहीतरी वाजत असलं तर बसून राहतात, आणि बसून राहिली तरच मर्ढेकर त्यांच्या कानावर पडतात. सुरानं दार उघडून दिलं, एवढं काम मला पुरेसं मोठं वाटतं.

संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या 'आयुष्यावर बोलू काही'नं काय केलं ते आठवा. कवितेच्या कार्यक्रमाला तरुण पोरं हाउसफुल गर्दी करतात, हे त्यांनी दाखवलं. तिथे चाल नसती तर हे झालं असतं का?

ओवीकार

टेकडीवरचा, त्या कार्यक्रमाबद्दल आपलं दुमत नाहीच. तिथे कविता म्हटली जाते तेव्हा म्हटली जाते आणि गायली जाते तेव्हा पूर्ण गायली जाते. माझी तक्रार मधल्या अवस्थेबद्दल आहे, धड गाणं नाही आणि धड वाचनही नाही.

मुलांच्या अस्वस्थतेबद्दल: ती अस्वस्थ होतात हे खरं, पण पहिली काही मिनिटंच. वाचणारा तयारीचा असेल तर ती येतात हळूहळू. मर्ढेकरांच्या 'पिपात मेले ओल्या उंदिर'ची लय इतकी ठोक्याची आहे की तिच्याखाली गिटार ठेवली तर दोन ठोके एकमेकांवर आपटतात. एकदा गिटारशिवाय करून बघा आणि काय झालं ते इथे लिहा.

पायपेटी

मी वाजवणारा माणूस. सिंधुदुर्गातला. लहानपणापासून दशावतारात पेटीच्या मागे बसलो, आता शहरात अभिवाचनांना साथ करतो. वाजवणाऱ्याच्या बाजूनं थोडं.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं कथानक लावायचं ते त्या त्या वेळी ठरतं आणि संवाद नट तिथल्या तिथे बोलतात. त्यामुळे पेटी, मृदंग आणि झांज घेऊन बसलेल्यांना कान देऊन ऐकावंच लागतं. राजा रागानं बोलतोय, पण तो आता पद घेणार की थेट युद्धाला उभा राहणार, हे त्याच्या श्वासावरून ओळखायचं. शहरात याच्या उलट. हातात छापील कागद येतो, त्यावर लिहिलेलं असतं 'इथे करुण', 'इथे सस्पेन्स'. वाचणाऱ्यानं त्या दिवशी ते वाक्य वेगळं म्हटलं तरी मी आपलं करुण वाजवायचं. साथीदाराला ऐकू न देता वाजवायला लावलं, तर ओवीकार म्हणतात तसंच होणार.

काही गोष्टी अनुभवानं सांगतो, करणाऱ्यांच्या उपयोगी पडतील. माणूस गातो त्यापेक्षा बराच खालच्या पट्टीत बोलतो. तालमीत आधी वाचणाऱ्याची बोलण्याची पट्टी शोधा, त्याचा आवाज वाक्याच्या शेवटी कुठल्या सुरावर टेकतो ते बघा. तो सूर तुमचा षड्ज. नाहीतर वाचणारा नकळत पेटीच्या मागे जातो आणि त्याचं बोलणं अर्धवट गाण्यासारखं व्हायला लागतं. ते कानाला फार त्रास देतं. दुसरं, शब्दांखाली वाजवायचंच असेल तर सुरावट नको. सुरावट म्हटली की कान तिच्यामागे जातो, पुढचा सूर कुठला याची वाट बघतो आणि तेवढ्यात अर्धं वाक्य निसटतं. एक-दोन सूर धरा, बस. तिसरं, नवीन परिच्छेदाचा पहिला शब्द कधीही सुरावर पडू देऊ नका. सूर आधी पूर्ण थांबू द्या.

आणि ध्वनिव्यवस्थेवाल्याला सांगा की वाद्यांचा आवाज नंतर चढवायचा नाही. रिकाम्या सभागृहात ठीक वाटलेला तोल प्रेक्षक भरल्यावर बदलतो, मग तो सगळंच वाढवत सुटतो आणि शब्द बुडतात.

खानदेशकन्या

पायपेटीदादा, 'अर्धवट गाण्यासारखं' हे अगदी नेमकं बोललात.

बहिणाबाईंबद्दल लिहिते, कारण त्यांच्या वाट्याला हे सगळ्यात जास्त येतं. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. काम करता करता त्यांना ओव्या सुचायच्या, त्या घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, सोपानदेवांच्या आणि अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं. म्हणजे या कविता कागदावर यायच्या आधीपासून गाण्यातच होत्या. त्यांची लय हाताच्या कामाची आहे. जात्याचा खुंटा धरून ओढायचा आणि सोडायचा, ओढताना एक चरण, सोडताना दुसरा. ओवी म्हणताना श्वास कुठे घ्यायचा हे हात ठरवतो.

आमच्याकडे एका वाचनालयात गावातल्याच बायकांनी बहिणाबाईंचा कार्यक्रम केला. मंचावर खरं जातं ठेवलं होतं. दोघी समोरासमोर बसून खरोखर ज्वारी दळत होत्या, तिसरी बाजूला उभी राहून सोपानदेवांच्या आठवणी वाचत होती. जात्याची घरघर हेच संगीत. ओवी आली की दळणाऱ्या दोघी म्हणायच्या, आणि वाचन सुरू झालं की जातं थांबायचं. दाणे संपत आले की जात्याचा आवाज बदलतो, कोरडा होतो. तो बदल त्यांनी उताऱ्याच्या शेवटाशी बरोबर जुळवला होता. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना, दळता दळता कळलं.

शहरातल्या कार्यक्रमांत याच ओव्या लोकगीताच्या ठेक्यात, ढोलकी लावून, हसत हसत म्हटल्या जातात. लेवा गणबोलीतला शब्द आला की प्रेक्षक हसतात, मग म्हणणारीही तो जरा जास्तच ठासून म्हणते. बाई वैधव्याबद्दल, शेताबद्दल, मरणाबद्दल बोलतेय. मला त्याचा खरोखर राग येतो.

नेपथ्य

खानदेशकन्याताई, काय सुंदर प्रयोग! जातं हे नेपथ्यही आणि वाद्यही. मी नाटकाकडून येतो, माझी दोन उदाहरणं.

पहिलं 'घाशीराम कोतवाल', १९७२. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. त्यातली रांगेत उभ्या माणसांची भिंत तीच गाते, तीच नाचते, तीच गुपितं लपवते. कीर्तन, अभंग, लावणी सगळं त्यात आहे, पण भक्तीचे सूर जिथे येतात तिथे मंचावर अत्याचार चाललेला असतो. शब्द, हालचाल आणि सूर एकमेकांना खोटं पाडतात आणि त्यातून पेशवाईतल्या पुण्याच्या सत्तेचं चित्र उभं राहतं. यातलं संगीत काढून नुसतं वाचा, नाटक उभंच राहत नाही. चालीसकट ते लिहिलेलं आहे.

दुसरं 'संगीत देवबाभळी', प्राजक्त देशमुखांचं, २०१७ च्या अखेरीस व्यावसायिक रंगभूमीवर आलं, आनंद ओक यांचं संगीत. मंचावर दोघीच. तुकोबांसाठी भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो, आणि मग तिच्या घरी मदतीला 'लखुबाई' येते, ती म्हणजे रखुमाई. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी स्वतः गातात, आणि गातात ते कामं करता करता, भांडता भांडता. आवलीचा विठ्ठलावरचा राग बोलून संपत नाही, उरतो, आणि उरलेला भाग गाण्यात जातो. गाणं संपतं तेव्हा दोघींमधलं नातं आधीच्या जागी राहिलेलं नसतं. माझ्या मते कसोटी हीच. गाण्याच्या आधी आणि नंतर पात्र त्याच जागी उभं असेल, तर ते गाणं गाळा.

मांडवी

नेपथ्य, ही कसोटी लावली तर आमच्या गोव्याच्या जत्रांमधली निम्मी पदं गाळावी लागतील आणि मी ते होऊ देणार नाही!

आमच्याकडे देवळाच्या प्राकारात रात्रभर संगीत नाटक चालतं. गावचीच मंडळी करतात. अख्ख्या प्रेक्षागृहाला संहिता पाठ. प्रेक्षक कथानकासाठी येतच नाही, तो येतो आजचा नट ते पद कसं घेतो हे ऐकायला. पद दोनदा झालं, तीनदा झालं तर बिघडत नाही. बालगंधर्वांच्या काळापासून वन्समोअर हा त्या खेळाचाच भाग आहे. गोष्ट थांबते हे खरं, पण तिनं थांबावं असं सगळ्यांनाच वाटत असतं, म्हणून थांबते. हे दुसऱ्या प्रकारचं ऐकणं आहे आणि त्याचाही मान ठेवला पाहिजे.

'कट्यार काळजात घुसली' (१९६७) लोकांना इतकं का धरून ठेवतं? दारव्हेकरांनी दोन गायकीतला संघर्षच विषय केला, त्यामुळे वसंतराव देशपांडे ताना घेतात तेव्हा गोष्ट थांबत नाही, तान हीच घटना असते. त्याचे संगीतकार अभिषेकीबुवा मंगेशीचे, म्हणून आम्हाला त्यांचं जास्तच प्रेम, पण हे प्रेम बाजूला ठेवूनही ते संगीत नाटकातलं फार मोठं काम आहे.

आणि बाकीबाब, म्हणजे कवी बा. भ. बोरकर. ते आपल्या कविता गाऊन म्हणत. पु. ल. आणि सुनीताबाईंनी पुढे त्यांच्याच कवितांचा कार्यक्रम केला तेव्हा मुख्यतः वाचल्या, आणि सुनीताबाईंच्या वाचनात शब्द इतका स्वच्छ यायचा की बोरकरांचा नाद आपोआप ऐकू यायचा. एकच कवी, दोन्ही रीती खऱ्या. म्हणून मी नियम करायला तयार नाही.

ओवीकार

मांडवी, तुमचा मुद्दा मनापासून पटला. जत्रेतलं नाटक माझ्या तक्रारीत येतच नाही. तिथे पद येतं ते पूर्ण, समोरून, गाणं म्हणून येतं. लपून वाक्याखाली शिरत नाही.

दूरदेशी

अमेरिकेतून लिहितेय. आमच्या मंडळात दर काही वर्षांनी रामनवमीला गीतरामायण होतं आणि दरवेळी एकच वाद: एकानं गायचं की वाटून?

मूळ पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला एक गाणं, एकूण ५६. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या चाली, आणि गाणारे वेगवेगळे, म्हणजे कौसल्या बाईच्या आवाजात, राम पुरुषाच्या. पुढे सुधीर फडके ते मंचावर करत तेव्हा सगळं एकटेच गात. बुक्काताईंचं वाचून आत्ता लक्षात आलं की हे तर कीर्तनच झालं, एक माणूस आणि सगळी पात्रं. आणि गीतरामायणाची चौकटच ती आहे, कुश-लव रामासमोर रामाचीच गोष्ट गातात. वाल्मीकींच्या बालकांडातही हे काव्य म्हणायला आणि गायला दोन्ही अंगांनी गोड आहे, वीणेच्या लयीवर बसणारं आहे, असं म्हटलेलं आहे.

आम्ही शेवटी एकाच गायकाकडे दिलं आणि दोन गाण्यांमधलं निवेदन इथेच वाढलेल्या दोन मुलींना दिलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, ऐकून पाठ केलं. निवेदनाखाली काहीही वाजवलं नाही. या मुली पुढे घरी गाडीत गाणी लावून शब्दांचे अर्थ विचारायला लागल्या. टेकडीवरचा सर, दार सुरानंच उघडलं हे तुमचं खरं, पण आत यायला त्यांना मोकळे शब्द लागले.

टेकडीवरचा

दूरदेशी, हे वाचून बरं वाटलं. पुढच्या कार्यक्रमात मर्ढेकरांच्या दोन कविता गिटारशिवाय ठेवून बघतो. बाकीचं माझं मत तसंच आहे, गर्दी जमणं ही छोटी गोष्ट नाही.

शेवंता

धागा फार आवडला. आम्ही गावातल्या वाचनालयात तिघी मिळून पहिल्यांदाच असं काही करणार आहोत. साठ-सत्तर माणसं बसतात. माझी नणंद पेटी वाजवते. 'श्यामची आई' किंवा 'स्मृतिचित्रे' मनात आहे. परवानगी लागते का? आणि सुरुवात कुठून करायची?

वकिलीण

आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, साने गुरुजी १९५० साली, म्हणजे दोन्ही पुस्तकं मोकळी आहेत. केशवसुत, बालकवी, मर्ढेकर हेही. ज्यांना जाऊन अजून साठ वर्षं झाली नाहीत त्या लेखकांसाठी वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. दोन गोष्टी लोक विसरतात. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. आणि कवितेचा हक्क संपला तरी तिला नंतर कुणी चाल लावली असेल तर चालीचा हक्क शिल्लक असू शकतो. जात्यावरची पारंपरिक ओवी घेतलीत तर काहीच अडचण नाही.

पायपेटी

शेवंताताई, एवढ्या माणसांना माइक नकोच. पंखे मात्र बंद करा. नणंदबाईंना म्हणावं पहिल्या चार तालमी पेटी न उघडता नुसतं ऐकायला बसा, हातात पेन्सिल घेऊन. जिथे स्वतःला वाजवावंसं वाटेल तिथे खूण करा. पाचव्या तालमीला त्यातल्या निम्म्या खुणा पुसा आणि उरलेल्या ठिकाणी वाजवा.

बुक्का

आणि 'श्यामची आई' घ्या असं मी सुचवेन. एकेक रात्र श्याम मित्रांना गोष्ट सांगतोय अशीच त्याची मांडणी आहे, त्यामुळे वाचणारी थेट समोरच्यांशी बोलू शकते, अभिनयाचा वेगळा आव आणावा लागत नाही. तिघींनी पात्रं वाटून घेऊ नका, रात्री वाटून घ्या. दोन रात्रींच्या मध्ये पेटीवर एक ओवी, बसूनच, टाळ्यांसाठी न थांबता.

शेवंता

रात्री वाटून घ्यायचं फारच आवडलं, आज दोघींना सांगते. ओव्या माझ्या आजेसासूबाईंना पुष्कळ येतात, त्यांनाच मंचावर बसवलं तर चालेल का?

खानदेशकन्या

चालेल काय, त्यांना आधी बसवा आणि मग पेटी लागते का ते ठरवा.